गंजे फरिश्ते : सिनेमाच्या माणसांकडे पाहण्याची मंटोची नजर

सिनेमा आणि आपला मुस्लिम समाज यांचे नाते मोठे चमत्कारिक आहे. जुम्म्याच्या बयानात सिनेमाच्या नादाने तरुण पिढी कशी वाया जात आहे हे कळकळीने सांगितले जाते. ऐकणारे माना डोलावतात. आणि ईदच्या दिवशी नमाज झाली, कब्रस्तानात जाऊन फातिहा पढला, शीरखुर्मा झाला, की मोहल्ल्यातली पोरे थेट थिएटरच्या रांगेत उभी राहतात. ज्या घरात टीव्ही नको म्हणून वर्षानुवर्षे वाद झाले, त्याच घरात कोणत्या नटीचा निकाह कोणाशी झाला याची खडानखडा माहिती असते. म्हणजे आपल्याकडे सिनेमाच्या माणसांकडे पाहण्याच्या दोनच रीती आहेत. एक तौबा करण्याची, दुसरी टाळ्या पिटण्याची. बहुतेक वेळा एकच माणूस सकाळी तौबा करतो आणि संध्याकाळी टाळ्या पिटतो.

या दोन्ही रीतींमध्ये एक गोष्ट समान आहे. दोन्हींत समोरचा नट किंवा नटी हे माणूस म्हणून दिसत नाहीत. एकीत तो सैतान असतो, दुसरीत फरिश्ता. तिसरी काही रीत आहे का, याचा शोध घेताना उर्दूतल्या एका पुस्तकापाशी थांबावे लागते. ते पुस्तक म्हणजे सआदत हसन मंटोचा ‘गंजे फरिश्ते’ हा १९५२ साली प्रसिद्ध झालेला व्यक्तिचित्रसंग्रह. गंजे फरिश्ते म्हणजे टकले देवदूत. लोकांनी ज्यांच्या डोक्याभोवती तेजोवलय चढवले, त्यांची बिनपाण्याने हजामत करून मंटो त्यांना वाचकासमोर बसवतो.

मंटो म्हटले की मराठी वाचकाला ‘टोबा टेकसिंग’, ‘खोल दो’, ‘ठंडा गोश्त’ या कथा आठवतात आणि अश्लीलतेचे खटले आठवतात. त्याचे पोट मात्र बराच काळ सिनेमावर चालले, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. १९३६ साली तो ‘मुसव्विर’ या फिल्मी साप्ताहिकाचा संपादक म्हणून मुंबईत आला. दिल्ली रेडिओवरचा मधला काळ सोडला तर जानेवारी १९४८ पर्यंत तो मुंबईतच राहिला. ‘किसान कन्या’ (१९३७) हा भारतात तयार झालेला पहिला रंगीत बोलपट, त्याच्या लेखनात मंटोचा हात होता. पुढे गोरेगावची फिल्मिस्तान आणि मालाडची बॉम्बे टॉकीज या दोन बड्या संस्थांत त्याने पगारी लेखक म्हणून काम केले. ‘आठ दिन’ (१९४६) या चित्रपटात तर तो स्वतः एका छोट्या भूमिकेत पडद्यावर आला. सोहराब मोदींचा ‘मिर्झा गालिब’ (१९५४) हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट मंटोच्या कथेवर उभा होता. चित्रपट आला तेव्हा मंटो लाहोरमध्ये होता, आणि त्याच्या आयुष्याचे थोडेच दिवस उरले होते. १८ जानेवारी १९५५ रोजी तो गेला.

म्हणजे हा माणूस तिकीट काढून आत शिरलेला प्रेक्षक नव्हता आणि बाहेरून दगड मारणारा वाइजही नव्हता. तो त्या कारखान्यातला कारागीर होता. ‘गंजे फरिश्ते’ आणि त्यानंतरचा ‘लाउडस्पीकर’ या दोन्ही संग्रहांचे मोल इथून सुरू होते.

उर्दूत अशा लेखनाला ‘खाका’ म्हणतात. मराठीत आपण व्यक्तिचित्र म्हणतो. उर्दूत या प्रकाराची परंपरा जुनी आणि शालीन आहे. फरहतुल्ला बेग यांनी डेप्युटी नजीर अहमद यांचे जे चित्र काढले ते आजही उर्दू शिक्षकाचे आवडते असते. मौलवी अब्दुल हक यांचे ‘चंद हमअस्र’ तसेच. पण या खाक्यांतली माणसे म्हणजे उस्ताद, आलिम, शायर. इस्मत चुगताईंनी आपला भाऊ अजीम बेग याच्यावर ‘दोजखी’ लिहून या शालीनतेला पहिला जोरदार धक्का दिला. मेलेल्या भावाविषयीही खरे लिहिता येते आणि त्यातून प्रेम कमी होत नाही, हे त्यांनी दाखवले. मंटोने तोच बेधडकपणा उचलला आणि तो उस्ताद-शायरांच्या पलीकडे नट, नटी, विनोदवीर, फिल्मी पत्रकार यांच्यापर्यंत नेला. अदबाच्या दिवाणखान्यात सिनेमावाल्यांना बसायला जागा दिली, ही या पुस्तकाची पहिली कामगिरी.

सिनेमाच्या वेडाकडे मंटो कसे पाहतो हे समजून घ्यायचे तर नर्गिसवरचा खाका वाचावा. हा खाका नर्गिसपासून सुरूच होत नाही, तो मंटोच्या भायखळ्याच्या घरात सुरू होतो. मंटो स्टुडिओत गेला की त्याची बायको सफिया आणि दोन मेहुण्या टेलिफोनचा खेळ खेळतात. त्या नर्गिसला फोन लावतात, नाव-गाव सांगत नाहीत, गप्पा मारतात. नर्गिस तेव्हा वयाने लहान, आई जद्दनबाई कडक, बरोबरीच्या मैत्रिणी नाहीत. तीही या अनोळखी आवाजांच्या मोहात पडते. अखेर एक दिवस तिला घरी बोलावले जाते, आणि नवऱ्याला हे सारे त्याच दिवशी कळते. पत्ता सापडेना म्हणून मंटोलाच तिला आणायला जावे लागते. सोबत जद्दनबाई. मंटोला पाहून त्यांना हसावे की रागवावे कळत नाही.

या प्रसंगात लेखकाला आपल्या बायकोची टर उडवायला पुरेपूर वाव होता. पडद्यावरच्या बाईसाठी वेड्या झालेल्या घरातल्या बायका, हा विनोदी लेखनाचा ठरलेला विषय आहे. मंटो तसे करत नाही. तो दाखवतो की मुली एका खोलीत जमल्या आणि मुलींसारख्या बोलू लागल्या. शाळा, कपडे, खाणेपिणे. दहा मिनिटांत नटी कोण आणि चाहत्या कोण हा फरक उरला नाही. चाहत्यांच्या वेडामागे कुतूहल असते आणि कुतूहलामागे मैत्रीची भूक असते, हे त्याने ओळखले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने ओळखले की तीच भूक पडद्याच्या पलीकडेही असते. नर्गिसलाही मैत्रिणी हव्या होत्या. आपण ज्यांच्या आयुष्याची स्वप्ने बघतो ते आपल्या साध्या आयुष्याकडे आशेने पाहत असतील, ही शक्यता आपल्या मनात येत नाही. मंटोच्या मनात ती येते.

दुसरी गोष्ट कामाची. आपण नटांचे घर, गाडी, लफडी यांवर बोलतो. मंटो त्यांच्या कामावर बोलतो. व्ही. एच. देसाई या विनोदी नटाला संवाद पाठ होत नसत. ‘आठ दिन’च्या वेळी एकेका वाक्यासाठी रिटेकवर रिटेक होत, फिल्म वाया जाई, सगळे घामाघूम होत. आणि तोच देसाई पडद्यावर दिसला की थिएटर हसून लोळे. या खाक्यात हसता हसता एक प्रश्न उभा राहतो. लोकांना जे सहज वाटते ते किती कष्टाने आणि किती अपघाताने बनते? ‘पुकार’ (१९३९) मधली नूरजहाँ झालेल्या नसीम बानूला जाहिरातीत ‘परी चेहरा’ म्हणत. मंटो ती पदवी आपल्या शीर्षकात तशीच ठेवतो आणि मजकुरात मात्र एक मेहनती, साधी बाई दाखवतो. परी शीर्षकात राहते, बाई लेखात चालू लागते.

हीच नजर तो सिनेमाबाहेरही वापरतो. जिनांवरचा ‘मेरा साहब’ हा खाका त्यांचा एकेकाळचा ड्रायव्हर मुहम्मद हनीफ आझाद याच्या तोंडून आला आहे. हा आझाद सिनेमात छोटी कामे करणारा. ज्या माणसाला लाखो लोक कायदे-आझम म्हणत होते, तो नोकरांच्या खोलीतून कसा दिसत होता हे मंटो लिहून काढतो. नेता असो की नट, जवळून पाहिले की प्रत्येकाच्या कपड्यांवर सुरकुती असते. मंटोला ती सुरकुती दाखवण्यात रस आहे, कपडे फाडण्यात नाही. निदान या खाक्यात तरी नाही.

आता अशोककुमारवरच्या खाक्याकडे येऊ. माझ्या मते पुस्तकाचा गाभा इथे आहे. कुमुदलाल गांगुली हा बॉम्बे टॉकीजच्या प्रयोगशाळेत काम करणारा तरुण अचानक नायक झाला. ‘अछूत कन्या’ (१९३६) ने तो घराघरात गेला, ‘किस्मत’ (१९४३) ने त्याची कीर्ती कळसाला पोहोचली. कलकत्त्याच्या रॉक्सीत तो चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. बाहेर पडला की माणसांचा गराडा. स्वतः मात्र लाजाळू, बायकांच्या घोळक्याला घाबरणारा.

फाळणीच्या दंगलींचे दिवस. अशोककुमार गाडी चालवत होता, मंटो शेजारी. जवळचा रस्ता म्हणून त्याने गाडी थेट एका मुस्लिम मोहल्ल्यात घातली. समोरून लग्नाची वरात आली, गाडी अडली. मंटोची बोबडी वळली. त्याला भीती स्वतःची नव्हती, शेजारच्या हिंदू मित्राची होती. या माणसाला काही झाले तर आपण जगाला काय तोंड दाखवणार, या विचाराने तो मनातल्या मनात अल्लाचा धावा करू लागला. तेवढ्यात गर्दीने चेहरा ओळखला आणि अशोककुमारच्या नावाचा एकच गलका झाला. दोन तरुण पुढे आले आणि त्यांनी अदबीने सांगितले की पुढे रस्ता मिळणार नाही, बाजूच्या गल्लीतून जा. गाडी सुखरूप बाहेर पडली. अशोककुमारने मित्राची समजूत काढली की तू उगाच घाबरलास, कलावंताला लोक काही करत नाहीत.

हा प्रसंग आपल्याकडे वारंवार सांगितला जातो आणि त्याचे तात्पर्यही ठरलेले असते. कला धर्माच्या भिंती ओलांडते, सिनेमाने माणसे जोडली, वगैरे. ते खोटे नाही. शहर पेटलेले असताना त्या मोहल्ल्याने एका हिंदू नटाला भाऊ म्हणून वाट करून दिली, ही लहान गोष्ट नाही. पण मंटो तिथे थांबत नाही, आणि वाचकानेही थांबू नये.

कारण त्याच दिवसांत मालाडच्या स्टुडिओत दुसरेच काही घडत होते. अशोककुमार आणि सावक वाच्छा यांनी बॉम्बे टॉकीजची सूत्रे घेतली होती. इस्मत चुगताई, शाहिद लतीफ, कमाल अमरोही, नजीर अजमेरी, मंटो असे कितीतरी मुसलमान तिथे मोठ्या जागांवर होते. संस्थेला निनावी पत्रे येऊ लागली. मुसलमानांना काढा, नाहीतर स्टुडिओ जाळून टाकू. अशोककुमारने त्या पत्रांना भीक घातली नाही, हा त्याचा मोठेपणा मंटो मोकळ्या मनाने नोंदवतो. तरी मंटोला वाटू लागले की उद्या काही झाले तर त्याला आपण जबाबदार ठरू. आणखी एक सल होता. त्याची कथा बाजूला ठेवून नजीर अजमेरीची कथा घेतली गेली, तिच्यावर ‘मजबूर’ (१९४८) निघाला. म्हणून मंटोच्या जाण्यामागे फक्त दंगल होती असे म्हणणे बरोबर नाही. दुखावलेला लेखकही त्यात होता.

आणि श्याम. नट श्याम हा मंटोचा जिवलग. ‘मुरली की धुन’ या खाक्यात तो जिवंत उभा राहतो. रावळपिंडीहून आलेल्या शीख निर्वासितांची कहाणी दोघांनी एकत्र ऐकली. नंतर मंटोने त्याला विचारले की मी मुसलमान आहे, तुला मला ठार मारावेसे वाटत नाही का? श्यामने प्रामाणिकपणे कबूल केले की आता नाही, पण त्या गोष्टी ऐकताना कदाचित मारले असते. दोन मित्र, एका ताटात जेवणारे. मंटोने आपले सामान बांधले, आणि जानेवारी १९४८ मध्ये श्यामचाच निरोप घेऊन तो कराचीच्या बोटीत बसला. १९५१ साली ‘शबिस्तान’च्या चित्रणात घोड्यावरून पडून श्याम मरण पावला. हा खाका म्हणजे त्या मित्रावरचा मर्सियाच आहे.

हे दोन खाके शेजारी ठेवून वाचले की मग अर्थ लागतो. गर्दीने ज्याला वाट दिली तो चेहरा होता, पडद्यावर शेकडो वेळा पाहिलेला, ओळखीचा. मंटोचा चेहरा कोणाच्या ओळखीचा नव्हता. त्याच गाडीत तो एकटा हिंदू मोहल्ल्यातून जात असता तर कोणी त्याच्या नावाचा गलका केला नसता. नटावरचे प्रेम खरे असते, पण ते त्या एका चेहऱ्यापुरते असते. ते आपोआप शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तिथपर्यंत पोहोचवायला दुसरे काही लागते, आणि ते सिनेमाच्या तिकिटात मिळत नाही.

ही गोष्ट आपल्या समाजाने नीट समजून घेण्याची गरज आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. नववी-दहावीच्या मुलांना नामवंत भारतीय मुसलमानांची यादी करायला सांगितली की मौलाना आझाद आणि अब्दुल कलाम ही पाठ्यपुस्तकातली दोन नावे होतात, आणि तिसऱ्या ओळीपासून पडद्यावरचे खान सुरू होतात. मोठ्या माणसांचेही वेगळे नाही. कोणी आपल्या देशप्रेमावर शंका घेतली की आपण चटकन उत्तर देतो, बघा, देशाने आमच्या खानांना डोक्यावर घेतले आहे. या उत्तरात अभिमान आहे, पण त्याखाली भीती आहे. नटाची लोकप्रियता आपण सर्वांच्या सुरक्षिततेची पावती समजतो. १९९२-९३ साली मुंबईने जे पाहिले तेव्हाही थिएटरांच्या बाहेर मुसलमान नटांची पोस्टरे लागलेली होतीच. त्या पोस्टरांनी कोणाचे घर वाचवल्याचे ऐकिवात नाही.

नावांचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. युसुफ खान यांना १९४४ च्या ‘ज्वार भाटा’साठी देविकाराणींनी दिलीपकुमार केले. महजबीन बानो मीनाकुमारी झाली, मुमताज जहान मधुबाला झाली. त्या काळच्या बाजारात नाव बदलणे ही सर्रास रीत होती, कुमुदलालसुद्धा अशोककुमार झालाच. पण गांगुलीचा कुमार होणे आणि खानाचा कुमार होणे यांत फरक आहे. लोकांनी ज्यांच्यावर जीव टाकला त्यांची खरी नावे त्यांना पुष्कळदा मागाहून कळली. आज खान आपल्या नावानेच पडद्यावर येतात, ही खरोखर पुढची पायरी आहे. तिचे मोल कमी करायचे नाही. फक्त तिलाच मुक्कामाचे ठिकाण समजायचे नाही.

आता मंटोच्या मर्यादांविषयी. समीक्षकाने मंटोचाही फरिश्ता करू नये, नाहीतर या पुस्तकातून काही शिकलो नाही असेच होईल. पुरुषांविषयी लिहिताना मंटो जेवढा समजूतदार आहे तेवढा बायकांविषयी नेहमी नाही. नर्गिस आणि जद्दनबाई यांच्या वाट्याला जी माया आली ती ‘लाउडस्पीकर’मधल्या सितारादेवीच्या वाट्याला आली नाही. त्या खाक्यात एक थोर नर्तकी जवळजवळ केवळ देहाची भूक म्हणून उरते. तिने नृत्यासाठी घेतलेले कष्ट मागे पडतात आणि तिच्या आयुष्यातले पुरुष पुढे येतात. ज्या कुजबुजीवर फिल्मी मासिके चालत, तिच्यात आणि या मजकुरात मला फारसे अंतर दिसत नाही. देसाईचा विसराळूपणा लिहिताना त्याला कामाची आठवण राहते, सितारादेवीविषयी लिहिताना राहत नाही. शिवाय हे लेखन लाहोरच्या हलाखीत, वर्तमानपत्रांसाठी, पैशांच्या निकडीतून झाले आहे. चटकदार झाले तर खपेल, हा हिशोब त्याच्याही मागे उभा होता. एका खोलीत दोघांत झालेल्या संवादाला साक्षीदार फक्त मंटो असतो, हेही वाचकाने विसरू नये.

इथे मराठी साहित्य उर्दूच्या मदतीला येते. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) हे आत्मकथन घ्या. त्यात नटी दुसऱ्याच्या खाक्यातले पात्र नाही, ती स्वतः बोलते. काय सोसले, काय केले, काय चुकले, सगळे. दुर्गा खोट्यांनीही आपले आयुष्य आपल्या शब्दांत लिहून ठेवले. फातमा बेगम हिने १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला, तिची मुलगी जुबैदा ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या बोलपटाची नायिका. जद्दनबाई तर गायिका, नटी, संगीतकार, निर्माती. या बायकांविषयी आपण जे वाचतो ते बहुतेक इतरांनी सांगितलेले. मंटो आणि हंसा वाडकर शेजारी शेजारी वाचले तर मंटोत काय सुटले ते कळते.

आपल्या वाचकांना आणखी एका नावाची आठवण करून द्यावीशी वाटते. कोल्हापूरच्या मातीतले इसाक मुजावर यांनी ‘रसरंग’, ‘चित्रानंद’मधून आणि कितीतरी पुस्तकांतून मराठी माणसाला सिनेमाचा इतिहास सांगितला. २०१५ साली ते गेले. त्यांच्या लेखणीत मंटोची धार नाही, पण सिनेमाच्या वेडाला माहितीची शिस्त लावण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. एक मुसलमान मराठीत सिनेमावर लिहितो आणि मराठी वाचक त्याला आपला मानून वाचतो, ही घटना ईदच्या दिवशी लागणाऱ्या कोणत्याही चित्रपटाच्या कमाईपेक्षा मला महत्त्वाची वाटते. हे नाते गर्दीने चेहरा ओळखण्यातून जुळलेले नाही, वर्षानुवर्षे वाचण्यातून जुळलेले आहे.

मुलांच्या हातून सिनेमा काढून घेणे आता कोणाला जमणार नाही. तो त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. मनाई करून आपण त्यांना फक्त लपवायला शिकवतो. त्यापेक्षा त्यांना पाहायला शिकवावे. नट आवडतो ना, मग त्याचे काम पाहा. संवाद कोणी लिहिला, गाणे कोणी लिहिले, प्रकाश कोणी पाडला, दहा रिटेक कोणाला द्यावे लागले, ते विचारा. तो आपल्या जातीचा, धर्माचा, गावचा आहे म्हणून छाती फुगवू नका आणि तो पडला म्हणून आपण पडलो असेही समजू नका. अशा तऱ्हेने पाहणाऱ्या मुलाला फरिश्ताही लागत नाही आणि सैतानही लागत नाही.

मंटोच्या कथा मराठीत आल्या, गाजल्या, त्यांची नाटके झाली. या खाक्यांकडे मात्र मराठी वाचकांचे तेवढे लक्ष गेलेले नाही. ज्या मुंबईत ही माणसे वावरली, ज्या भायखळ्यात, मालाडमध्ये, गोरेगावात हे सारे घडले, ती जागा मराठी वाचकाच्या पायाखालची आहे. उर्दू आणि मराठी दोन्ही घरात बोलणाऱ्या आपल्यातल्या लेखकांनी निदान नर्गिस, अशोककुमार आणि श्याम हे तीन खाके नेटक्या मराठीत आणावेत. भाषांतर करताना मंटोची धार बोथट करू नये, आणि सितारादेवीवरच्या खाक्याजवळ चार कठोर शब्दांची टीपही द्यावी. एवढे झाले तरी आपल्या घराघरांतल्या सिनेमाच्या गप्पांना थोडा अर्थ येईल.